मागणी एका वाक्यात मांडा: कोल्हापुरात हक्कांची मोहीम उभी करू पाहणाऱ्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

शिबिराच्या पहिल्या सकाळी मी प्रत्येकाच्या हातात एक कोरा कागद देते. ज्या प्रश्नासाठी तुम्ही इथं आलात तो एका वाक्यात लिहा, एवढंच सांगते. कुणाकडून हवं, काय हवं, कधीपर्यंत हवं, सगळं त्याच वाक्यात आलं पाहिजे. दहा मिनिटांनी कागद परत येतात. 'ऊसतोड मजुरांना न्याय मिळालाच पाहिजे.' 'महिलांवरचे अन्याय थांबवा.' 'मागासवर्गीयांच्या स्मशानभूमीचा प्रश्न सोडवा.' एकही वाक्य खोटं नसतं. पण यातल्या एकाही वाक्याखाली कुठला अधिकारी सही करू शकेल, असं विचारलं की खोली शांत होते.

कोल्हापुरात माणसं रस्त्यावर उतरत नाहीत अशी तक्रार कुणी करू शकणार नाही. टोलविरोधी आंदोलनात अख्खं शहर उतरलं आणि शेवटी टोल रद्द झाला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी सहा जिल्ह्यांतले वकील कित्येक वर्षं झगडले, तेव्हा ऑगस्ट 2025 मध्ये सर्किट बेंच सुरू झालं. दोन्ही लढ्यांमध्ये मागणी शाळकरी पोरालाही सांगता येत होती. आपल्या तालमीच्या कट्ट्यावर बसलेल्या माणसाला जी मागणी एका दमात सांगता येत नाही, ती मोहीम त्या कट्ट्याच्या पुढं जात नाही.

पुढं जे लिहिलंय ते एकच उदाहरण धरून लिहिलंय, कारण हवेत बोललेलं शिबिर संपल्यावर कुणाच्या लक्षात राहत नाही. उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच आहे. दिवाळीच्या मागंपुढं बीड, जालना, परभणीकडनं ऊसतोड टोळ्या येतात, साखर कारखान्यांच्या परिसरात आणि गावाबाहेरच्या माळावर कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात. आईबाप पहाटे फडात जातात. तळावर राहतात ती पोरं, आणि त्यातली मोठी पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन दिवस काढते. गावातली जिल्हा परिषदेची शाळा तिथनं दिसत असते.

आधी जा, बसा, ऐका

पहिल्या तीन खेपा वही न काढता करा. फोन खिशात राहू दे. संध्याकाळी पाचनंतर जा, कारण त्याआधी तळावर मोठं माणूस भेटत नाही. बाया चुली पेटवत असतात, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकायला गेलेले परतत असतात. त्या वेळेला 'तुमच्या समस्या काय' असं विचारू नका. आज किती खेपा झाल्या, गाडी कुठं अडकली, पाणी कुठनं आणता, असं विचारा. हक्काचा विषय त्यांच्याच तोंडून निघतो.

टोळ्या कुठं उतरल्यात हे शोधायला सरकारी कागद पुरत नाहीत. कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याला, गाठा. कुठली टोळी कुठल्या शिवारात तोडतेय आणि उद्या कुठं हलणार, हे त्याच्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नसतं. गावातला दूध घालणारा आणि किराणा दुकानदार हे त्याच्या खालोखाल.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. ज्यांचा प्रश्न आहे त्यांना तो प्रश्न तुम्हाला वाटतो तसाच वाटत असेल असं नाही. एका तळावर आम्ही शाळेचं बोलत राहिलो आणि बायका म्हणाल्या, 'ताई, पोरं शाळंत गेल्यावर बारकं कुणाजवळ ठिवायचं?' तिथं शाळेच्या आधी अंगणवाडीची मागणी करावी लागली. त्या बायका बोलल्या नसत्या तर आमची सगळी मोहीम पहिल्याच आठवड्यात कोरडी पडली असती.

माहिती: मोजा, लिहा, तारीख घाला

चौथ्या खेपेला वही काढा. प्रत्येक मुलाचं वय, मूळ गाव, गावाकडची शाळा, इयत्ता आणि सध्या शाळेत जातो की नाही एवढेच रकाने. नावांची यादी वेगळी आणि एकाच माणसाच्या ताब्यात. बाहेर फक्त आकडे जातील. 'भरपूर मुलं शाळाबाह्य आहेत' या वाक्यावर अधिकारी मान डोलावतात. 'तुमच्या केंद्रातल्या दोन तळांवर 6 ते 14 वयाची 31 मुलं आहेत, त्यातली 4 शाळेत जातात, मोजणी शनिवारची आहे' असं म्हटलं की ते पेन उचलतात. हे आकडे मी उदाहरणादाखल दिलेत. तुमचे तुम्ही मोजा आणि एकही वाढवून सांगू नका. एक खोटा आकडा सापडला की बाकीचे खरे आकडे मातीमोल होतात.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज हे नव्या माणसाचं आवडतं हत्यार असतं, पण त्याचं वेळापत्रक कुणी पाहत नाही. उत्तराला 30 दिवसांची मुदत, नाही आलं तर पहिलं अपील, त्याचा वेळ वेगळा. हंगाम असतो चार-पाच महिन्यांचा. डिसेंबरात अर्ज टाकलात तर कागद हातात येईपर्यंत टोळ्या परतीच्या वाटेला लागतात. म्हणून गेल्या हंगामाची माहिती सप्टेंबरातच मागा: किती स्थलांतरित मुलांची नोंद झाली, सर्वेक्षण कुठल्या तारखेला केलं, त्याच्या अहवालाची प्रत. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. शुल्क 10 रुपये, कोर्ट फी स्टँप लावला तरी चालतो, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. अर्जात 'का' विचारू नका. 'कुठल्या आदेशाने', 'किती', 'कुठल्या तारखेला' असं विचारा, कारण कायदा तुम्हाला असलेला कागद देतो, कारणं देत नाही.

कायद्याचं कलम खिशात

शिक्षणहक्क कायदा 2009 मधली चार कलमं प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवीत. कलम 4: मुलाला वयाला साजेशा वर्गात बसवायचं. कलम 9: स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा प्रवेश होतो की नाही हे पाहणं ही स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे इथं जिल्हा परिषदेची, जबाबदारी. कलम 14: वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम 15: वर्षाच्या मध्ये आला म्हणूनही नाकारता येत नाही. त्याच्या जोडीला आपल्या राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे. मूळ गावच्या शाळेनं ते द्यायचं आणि ते दाखवल्यावर स्थलांतराच्या ठिकाणच्या शाळेनं मुलाला बसवून घ्यायचं.

आणि हा कोल्हापूर जिल्हा आहे, हे मुख्याध्यापकांना प्रेमानं आठवण करून द्या. शाहू महाराजांनी 1917 साली याच संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्या मातीत माळावरचं पोर शाळेबाहेर राहतं, हे ऐकून इथल्या माणसाला मनापासून लागतं. मी हे डावपेच म्हणून सांगत नाही. मलाही ते लागतं.

मागणीचं वाक्य

आता सकाळचा कागद परत काढा. आमच्या गटानं तासभर भांडून लिहिलेलं वाक्य असं होतं: 'गटशिक्षणाधिकाऱ्यांनी 15 डिसेंबरपर्यंत या दोन तळांवरच्या 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत प्रवेश द्यावा आणि तसं लेखी कळवावं.' पद आहे (तालुक्यातल्या शाळांचा अधिकारी), तारीख आहे, ठिकाण आहे, आणि काम झालं की नाही हे शाळेच्या दारात उभं राहून पाहता येतं.

लोक म्हणतात मागणी फार छोटी झाली. मजुरीचे दर, उचलीचं (हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशाचं) कर्ज, टोळी आणणाऱ्या मुकादमाची दांडगाई, बायांची आजारपणं, सगळं राहिलंच की. राहिलं, हे खरं आहे. पण एक मागणी पदरात पडली की तळावरच्या लोकांना तुमच्या बोलण्यावर विसंबता येतं, आणि पुढची मागणी ते स्वतः मांडतात. एक अपवाद मात्र लगेच लक्षात घ्या. उचल फिटली नाही म्हणून कुणाला डांबून ठेवलंय, जाऊ देत नाहीत, असं दिसलं तर तिथं मोहीम वगैरे चालवत बसायचं नाही. वेठबिगारी 1976 च्या कायद्यानं बंद झाली आहे. त्याच दिवशी तहसीलदार आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्यायची.

कोण कुठं उभं आहे

एक मोठा कागद जमिनीवर अंथरा. मधोमध ज्याची सही हवी तो अधिकारी. भोवती बाकीचे: केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा), मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती, सरपंच, कारखान्याचे शेती अधिकारी, मुकादम, ज्याच्या रानात कोप्या आहेत तो शेतकरी, स्थानिक पालक. प्रत्येकापुढं लिहा की त्याला भीती कशाची आहे. मुख्याध्यापकाला भीती असते की ही पोरं मार्चमध्ये निघून जातील आणि हजेरी पडलेली दिसेल. मुकादमाला वाटतं, आज शाळेचं बोलतायत, उद्या हिशेबाचं बोलतील. गावातल्या पालकांच्या मनातली भीती उघड बोलली जात नाही, पण ती असते आणि ती जातीची असते. तिच्याकडं डोळेझाक करू नका. शाळा व्यवस्थापन समितीतली एखादी आई आपल्या बाजूनं उभी राहिली तर ती जे काम करते ते आपल्या दहा भाषणांनी होत नाही.

मित्र शोधताना शिक्षकांना वगळू नका. शाळाबाह्य मुलांसाठी झटणारे बालरक्षक शिक्षक आपल्याकडं आहेत. त्यांना तुमच्या गर्दीची नाही, तुमच्या यादीची गरज असते.

खुर्चीचा सराव

शिबिरातला हा भाग मी कधीच कमी करत नाही. समोर टेबल, मागं खुर्ची. एकजण अधिकारी होतो, तिघं भेटायला येतात, घड्याळात सात मिनिटं लावतो. प्रत्यक्ष भेटीत त्याहून जास्त वेळ क्वचितच मिळतो.

मागच्या खेपेला गडहिंग्लजकडची एक मुलगी पहिल्यांदाच अशा सरावाला उभी राहिली. अधिकारी झालेल्या पोरानं मान वर न करता विचारलं, 'दाखले आहेत का?' ती गडबडली आणि 'नाहीत सर, पण गरीब आहेत हो' म्हणाली. भेट तिथंच संपली. आम्ही थांबलो, कलम 14 तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं, आणि पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्यांदा ती म्हणाली, 'सर, दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, कलम 14. मुलांची यादी ही. तुम्ही केंद्रप्रमुखांना पत्र दिलंत तर आम्ही सोमवारी मुलं घेऊन शाळेत हजर राहतो.' आवाज तोच होता, हातही थरथरत होते. पण तिनं दया मागितली नाही, काम सोपं करून दिलं. खुर्चीतला पोरगा खेळ विसरून म्हणाला, 'द्या की यादी.'

भेटीत तिघांची कामं वाटून घ्या: एकानं बोलायचं, एकानं टिपून घ्यायचं, आणि तिसरं माणूस तळावरचं, म्हणजे आई किंवा बाप. ते एक वाक्य बोलले तरी पुरे. निघताना निवेदनाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय जिना उतरू नका.

फोटो, नावं, संमती

इथं मी माझी चूक सांगते. सुरुवातीच्या काळात एका तळावर एक बाई उचलीबद्दल मोकळेपणानं बोलली. मी तिला विचारूनच फोटो काढला होता. तिनं मान डोलावली होती. बातमी फोटोसकट छापून आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही गेलो तर माळावर विझलेल्या चुली आणि पाचटाचे ढीग. टोळी रातोरात हलवली होती. नुकतीच शाळेत जायला लागलेली सहा मुलंही गेली. ती बाई पुढं कुठं गेली, तिला काय सोसावं लागलं, मला आजवर कळलेलं नाही.

मान डोलावणं म्हणजे संमती नव्हे, हे मला तिनं शिकवलं. आता आमचा नेम असा आहे. फोटो कुठं छापला जाईल, कोण कोण पाहील, त्यानं वाईटात वाईट काय होऊ शकतं, हे त्या माणसाला त्याच्या बोलीत सांगायचं. एक रात्र जाऊ द्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं. तेव्हाही हो म्हटलं तरच वापरायचा, आणि मागाहून नको म्हटलं तर लगेच काढायचा. मुलांचे चेहरे छापायचेच नाहीत. पाठमोरी मुलं, दप्तर, कोपीच्या दारातली पाटी, एवढ्यानं भागतं. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड होईल असं नाव, गाव, शाळा काहीही बाहेर गेलं तर तो गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली गोष्टसुद्धा 'बाहेर गेली' असंच समजा.

पायरीपायरीनं वर चढा

पहिल्याच दिवशी धरणं धरलंत तर दुसऱ्या दिवशी करायला काय उरतं? भेट, निवेदन, स्मरणपत्र, मग गावात पत्रकं, मग ग्रामसभा, मग जिल्हा परिषदेवर शिष्टमंडळ, आणि त्यानंतर रस्ता. प्रत्येक पायरीला समोरच्याला तारीख द्या आणि ती तारीख उलटल्यावरच पुढची पायरी चढा.

ग्रामसभेला कमी लेखू नका. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं याला गावानं नाही म्हटलं. त्याच महिन्यात राज्य शासनानं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. एका गावचा ठराव मंत्रालयापर्यंत पोचला, कारण तो साध्या भाषेत होता आणि दुसऱ्या गावाला जसाच्या तसा उचलता येत होता. तुमचा ठरावही तसाच लिहा.

तारखा निवडताना पंचांगासारखं कॅलेंडर पाहा. बिंदू चौकातले महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे 9 डिसेंबर 1950 ला उभे राहिले, आणि 10 डिसेंबर हा मानवी हक्क दिन. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, 26 जानेवारीला ग्रामसभा. चारही दिवस हंगामात येतात. या दिवशी वृत्तपत्रांना विषय हवा असतो आणि अधिकाऱ्यांना मुलांबद्दल काहीतरी चांगलं सांगायचं असतं.

रस्त्यावर उतरायचंच ठरलं तर पोलीस ठाण्यात आधी लेखी अर्ज द्या: ठिकाण, वेळ, अंदाजे संख्या, दोन जबाबदार माणसांचे नंबर. शांततेनं, विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 19 नं दिलाय, पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली जिल्ह्यात मनाई आदेश वरचेवर निघतात. आदेश चालू आहे का हे आदल्या दिवशी विचारून घ्या. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक नाही. आणि तळावरच्या माणसांची रोजी बुडवून त्यांना मोर्चाला आणू नका. त्यांचा एक दिवस बुडाला तर तो उचलीच्या हिशेबात चढतो.

बातमी कशी पोचवायची

प्रेसनोट एका पानाची. पहिल्या दोन ओळींत कोण, कुठं, किती, मागणी काय. विशेषणं सगळी काढून टाका. 'निर्दयी प्रशासन' लिहिलंत की वार्ताहर तेवढंच छापतो आणि दार बंद होतं. दुपारी चारच्या आत द्या, तालुक्याच्या वार्ताहराला आधी द्या. समाजमाध्यमावर एका मिनिटाचा व्हिडिओ पुरे, आणि बोलायला गावातलीच एखादी आई असू द्या. 'आमच्या पोरांच्या शेजारी ती पोरं बसू देत' हे तिनं कोल्हापुरी बोलीत म्हटलेलं जेवढं आत जातं तेवढं आपलं प्रमाण मराठीतलं निवेदन जात नाही.

पैशाबद्दल एवढंच: पाच रुपयांचाही हिशेब वहीत, पावती लावून, आणि वही मागेल त्याला दाखवायची. मुकादम, कारखाना किंवा पक्ष यांच्याकडून गाडीचं डिझेलसुद्धा घेऊ नका.

नकार आला तर

लेखी नकार मागा. तोंडी 'बघू' हाही नकारच असतो, म्हणून त्याच संध्याकाळी 'आज आपण असं म्हणालात' असं पत्र पाठवा. वरच्या पायरीला जिल्ह्याचे प्राथमिक शिक्षणाधिकारी, मग मुख्य कार्यकारी अधिकारी. राज्य मानवी हक्क आयोगाकडं तक्रारीला शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही, पण घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार जायला हवी. तिथं तुमच्या वहीतल्या तारखा आणि शिक्के कामाला येतात.

प्रवेश झाल्यावर

फोटो निघाला, गुलाबाची फुलं दिली, मुलं पहिल्या बाकावर बसली. बहुतेक मोहिमा इथं थांबतात. तुम्ही तिसऱ्या आठवड्यात शाळेत जा आणि हजेरीपट पाहा. पोरं गळतात ती याच सुमारास: टोळी दोन किलोमीटर पुढं सरकते, धाकटं आजारी पडतं, कुणीतरी मागच्या बाकावरून काहीतरी बोलतं. कुठलं पोर कधीपासून आलं नाही हे लिहून त्याच संध्याकाळी तळावर जा.

फेब्रुवारी सरत आला की मुख्याध्यापकांना भेटा. टोळी कुठल्या दिवशी निघणार हे चिटबॉयकडून काढा आणि त्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हजेरीचं शाळेचं पत्र, सही-शिक्क्यासह, आईच्या हातात पडेल असं पाहा. रेशनकार्ड ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतं त्याच पिशवीत ते ठेवायला सांगा. मूळ गावच्या शाळेला तिच्यासमोरच फोन लावा, पोर कुठल्या इयत्तेपर्यंत शिकलंय ते सांगा, आणि पुढच्या हंगामाला निघताना शिक्षण हमी कार्ड मागून घ्यायचं हे तिच्याकडून एकदा म्हणवून घ्या. ट्रॅक्टरवर भांडी चढायला लागली की या गोष्टी कुणाच्या लक्षात राहत नाहीत.